वारसा मिरवायचा की समजून घ्यायचा?

मुघल इमारतींचा विषय निघाला की आपल्यातले बरेच तरुण दोनच गोष्टी करतात. कुणी टीका केली की तावातावाने बचाव करायचा, नाहीतर फोटोखाली अभिमानाची एक ओळ टाकायची. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, इतिहासाचा अभ्यासक नाही. पण दिल्लीतल्या निजामुद्दीन परिसरात दोन दिवस पायी फिरलो आणि वाटले, हा वारसा आपण नीट वाचतच नाही.

हुमायूनचा मकबरा घ्या. सोळाव्या शतकातली ही इमारत १९९३ पासून जागतिक वारसा आहे. आपण ती बादशहाच्या नावाने ओळखतो, पण बांधण्यात पुढाकार त्याची पत्नी बेगा बेगम हिचा होता. जवळच्या दर्ग्यात हजरत निजामुद्दीन औलिया आणि त्यांचे मुरीद अमीर खुसरो आहेत. दोघांचेही निधन १३२५चे. त्याच आवारात शाहजहानची मुलगी जहाँआरा आहे. कबरीवर छत नाही, फक्त माती आणि गवत. ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींचे चरित्र लिहिणारी ही विदुषी. कबरीवरच्या लेखातही तिची ओळख चिश्ती पीरांची मुरीद अशीच आहे.

आणि याच दर्ग्यात मजारीच्या आतल्या दालनात महिलांना प्रवेश दिला जात नाही. २०१८ मध्ये पुण्यात कायदा शिकणाऱ्या विद्यार्थिनींनी याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली.

‘ही परंपरा आहे’, असे उत्तर मिळते. मग अजमेरला, त्याच चिश्ती सिलसिल्याच्या दर्ग्यात, महिला आत कशा जातात? मुंबईच्या हाजी अलीतही पूर्वी जात होत्या. बंदी अलीकडची होती. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ती बेकायदा ठरवली आणि त्याच नोव्हेंबरात महिला पुन्हा मजारीपर्यंत गेल्या. दर्ग्याची शान त्याने कमी झाली नाही.

आपल्या इतिहासावर कुणी खोटे आरोप केले तर उत्तर द्यावेच. पण संविधानाची समता बाहेरच्यांकडून मागायची आणि घरात परंपरा पुढे करायची, हे चालणार नाही.

हा प्रश्न एकट्या दिल्लीचा नाही. निजामुद्दीन औलियांचे मुरीद बुरहानुद्दीन गरीब आपल्या खुलताबादेत आहेत. गावोगावी दर्गे आहेत. पुढच्या वेळी उरुसाला जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा: इथे महिलांना कुठपर्यंत जाता येते? आणि विश्वस्त मंडळात महिला किती आहेत?