फसवणूक कोणाची झाली?

२ ऑक्टोबर १९८० च्या रात्री अमेरिकेतील लास व्हेगास शहरात, सीझर्स पॅलेस या हॉटेल-जुगारगृहाच्या मोटारतळावर उभारलेल्या तात्पुरत्या प्रेक्षागारात, लॅरी होम्स आणि मुहम्मद अली यांच्यात हेवीवेट मुष्टियुद्धाच्या जगज्जेतेपदाची झुंज झाली. (त्या वेळी हिंदुस्थानात ३ ऑक्टोबरची सकाळ उजाडली होती, गांधीजयंती तेवढ्यापुरती वाचली.) सुमारे २५ हजार प्रेक्षक हजर होते आणि तिकिटांची विक्री ५७ लाख डॉलरच्या वर, म्हणजे त्या काळच्या उच्चांकापर्यंत गेली होती. ठिकठिकाणच्या चित्रपटगृहांत पैसे मोजून पडद्यावर झुंज पाहणारे निराळेच. या सर्वांच्या पदरी काय पडले? दहा फेऱ्या एक माणूस ठोसे मारीत होता आणि दुसरा ते खात होता. अलीचा हात उठत नव्हता, पाय हलत नव्हता. तिन्ही पंचांनी दहाच्या दहा फेऱ्या होम्सला दिल्या आणि दहावी संपताच अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने झुंज थांबवायला लावली. अलीच्या साऱ्या कारकीर्दीत अशा रीतीने मध्येच थांबवावी लागलेली ही एकमेव झुंज. निरस, रटाळ, पैसे वाया घालविणारी, असा तिचा लौकिक झाला तो आजतागायत टिकून आहे.

ही तक्रार ग्राहकाची आहे. माल जाहिरातीप्रमाणे निघाला नाही, एवढेच ती सांगते. माल कसा तयार झाला, कोणी तयार करवून घेतला आणि त्यात कोणाचे काय गेले, हे प्रश्न ग्राहकाला पडत नाहीत. समाजवादी कार्यकर्त्याला ते पडले पाहिजेत, कारण येथे विकला जाणारा माल म्हणजे एका माणसाचे शरीर होते.

ते शरीर ३८ वर्षांचे होते. सप्टेंबर १९७८ नंतर, म्हणजे दोन वर्षे, ते झुंजीच्या रिंगणात उतरलेच नव्हते. वजन अवाच्या सवा वाढले होते. ते उतरविण्यासाठी अलीला थायरॉइडच्या गोळ्या देण्यात आल्या. या औषधाने चरबी जळते खरी, पण तिच्याबरोबर स्नायूही झिजतात, हृदयाची धडधड वाढते, उष्णता सोसवत नाही, दम लवकर लागतो. झुंजीच्या आधी वजनकाट्यावर उभा राहिलेला अली २१७ पौंडांचा, सडसडीत, मिशी काढलेला आणि केस काळे केलेला होता. बघणाऱ्यांना वाटले, जुना अली परत आला. जुगारगृहांतील भावही त्याच्या बाजूने सरकू लागले. खरे म्हणजे तो आतून पोखरलेला होता, आणि ती रंगसफेदी पाहून पैजा लागत होत्या.

हे कोणाला ठाऊक नव्हते, असे मात्र नाही. अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी १९७७ साली अर्नी शेव्हर्सशी झालेल्या झुंजीनंतर अलीच्या मूत्रपिंडांना इजा पोचत असल्याचे अहवाल त्याच्या निकटवर्तीयांना पाठविले होते. उत्तर आले नाही, तेव्हा पाचेको बाजूला झाले. १९८० च्या जुलैत नेवाडा राज्याच्या क्रीडा-आयोगाच्या आग्रहावरून मेयो क्लिनिकमध्ये अलीची तपासणी झाली. एका पायावर उड्या मारताना त्याचा किंचित तोल जात होता, बोट नाकाला लावताना ते थोडेसे चुकत होते, बोलण्यातही अडखळ जाणवत होती, अशा नोंदी त्या अहवालात आहेत. निष्कर्ष मात्र असा की, झुंजीस प्रतिबंध करावा असे काही आढळले नाही. आयोगाला तेवढेच हवे होते आणि परवाना देण्यात आला. निरीक्षक येतो, फुटलेला बॉयलर पाहतो, वहीत नोंदही करतो आणि दाखल्यावर सही करून जातो, हा कारखान्यांतील अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे त्यांना नेवाडा आयोगाची कार्यपद्धती समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या राज्याचा कारभार जुगाराच्या उत्पन्नावर चालतो, त्या राज्याचा आयोग जुगारगृहात भरणारी सर्वांत मोठी जत्रा रद्द करील, ही अपेक्षाच भाबडी होती.

आता होम्सविषयी. झुंज रटाळ होण्याचे अर्धे कारण होम्सकडे जाते, आणि ते त्याचे भूषण आहे. पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावच्या या मुलाने सातवीत शाळा सोडून मोटारी धुण्याचे काम केले होते. पुढे तो अलीच्या सरावासाठी पगारावर ठोसे खाणारा जोडीदार झाला. होम्सने कला शिकली ती अलीपाशी. त्या रात्री समोरचा माणूस प्रतिकार करू शकत नाही हे लक्षात येताच त्याचे हात आखडू लागले. पंचाने झुंज थांबवावी म्हणून तो त्याच्याकडे पाहत होता. झुंजीनंतर तो अलीच्या खोलीत गेला आणि आपले त्याच्यावर प्रेम आहे, असे त्याने सांगितले. प्रेक्षागारातील ज्या ज्या माणसांच्या हाती त्या रात्री काही होते, त्यांच्यापैकी पहिल्यापासून दया दाखविली ती मारण्यासाठीच नेमलेल्या माणसाने. प्रेक्षकांनी तिला कंटाळा हे नाव दिले.

पैशाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. करारान्वये अलीला ८० लाख डॉलर मिळावयाचे होते. आयोजक डॉन किंग याने त्यांतले ११ लाख ७० हजार कमी दिले. अलीच्या वकिलाने दावा लावला. तेव्हा आजारी अलीकडे ५० हजार डॉलर रोख धाडण्यात आले आणि उरलेल्या रकमेवरील हक्क सोडल्याच्या कागदावर त्याची सही घेण्यात आली. अलीला मिळालेली रक्कम आपल्याकडील कामगाराच्या कल्पनेबाहेरची होती, तेव्हा त्याच्याबद्दल हळहळ कशाला, असे कोणी विचारील. पण जगातला सर्वांत प्रसिद्ध मुष्टियोद्धा, ज्याच्या दिमतीला वकील होते, तो जर असा नागवला जाऊ शकतो, तर त्याच रात्री दुय्यम झुंजींत उतरणाऱ्या अनामिक पोरांचे काय होत असेल?

डाव्या विचाराच्या माणसांना १९६७ चा अली प्रिय आहे. व्हिएतनामच्या युद्धात लढण्यास त्याने नकार दिला, जगज्जेतेपद आणि उमेदीची साडेतीन वर्षे गमावली, आणि १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. हे प्रेम योग्यच आहे. मात्र त्याला देव करण्याचे कारण नाही. १९८० च्या आरंभी भारताच्या दौऱ्यावर असताना त्याने अध्यक्ष कार्टर यांची कामगिरी पत्करली आणि मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार घालण्याचा प्रचार करण्यासाठी तो आफ्रिकेत गेला. टांझानियाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी त्याला भेट नाकारली, ते उचितच झाले. पण माणसाची राजकीय चूक आणि माणसाची लूट या दोन वेगळ्या बाबी आहेत. शिवाय त्याच्या चाहत्यांनीही, त्यांत आपली माणसे आलीच, आणखी एकदा, आणखी एकदा, असा घोशा लावून मागणी वाढविलीच की! मागणी होती म्हणून किंगचे दुकान चालले.

लास व्हेगासनंतरही सारे संपले नाही. अमेरिकेत परवाना मिळण्याची आशा उरली नव्हती, म्हणून ११ डिसेंबर १९८१ रोजी बहामा बेटांतील नासाऊ येथे ट्रेव्हर बर्बिकशी झुंज लावण्यात आली. व्यवस्था अशी की फेऱ्यांची घंटा म्हणून गाईच्या गळ्यातली घंटा वाजवावी लागली. अली हरला. १९८४ साली त्याला कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनचा, विकार असल्याचे निदान झाले आणि ३ जून २०१६ रोजी तो गेला. विकाराचे मूळ ठोशांतच होते काय, याबद्दल वैद्यांत मतभेद आहेत. मेयो क्लिनिकच्या नोंदी हाताशी असताना परवाना देणाऱ्यांचा दोष त्या मतभेदाने कमी होत नाही.

अमेरिकन काँग्रेसने २००० साली अलीच्याच नावाने कायदा केला. आयोजकाने हिशेब उघड करावा, आयोजक आणि व्यवस्थापक एकच नसावेत, अशी बंधने त्यात आहेत. म्हातारपणाची तरतूद त्यात नाही. ती केली एकट्या कॅलिफोर्निया राज्याने, १९८२ साली : प्रत्येक तिकिटामागे काही सेंट कापून व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांसाठी निवृत्तिवेतन निधी उभारला, आणि वयाच्या पन्नाशीनंतर त्यातून रक्कम मिळते. मालकाकडून मजुरीच्या वर लेव्ही घेऊन हमालाच्या भविष्यनिर्वाह निधीची सोय करणारा महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी कायदा ज्यांनी लढून मिळविला, त्यांना ही योजना परकी वाटणार नाही. पाठीवर पोते वाहणारा आणि तोंडावर ठोसा झेलणारा, दोघांचेही भांडवल वयाबरोबर आटते. कॅलिफोर्नियाचा निधी लहान आहे आणि आपले पैसे तेथे जमा आहेत हे पुष्कळ निवृत्त मुष्टियोद्ध्यांना ठाऊकही नसते. त्यांना शोधून काढण्याचे काम राज्याच्या आयोगाला करावे लागते. शेजारच्या नेवाडात, जेथे मोठ्या झुंजींचा बाजार भरतो, तेथे असा निधी नाही. २ ऑक्टोबर १९८० ला विकल्या गेलेल्या तिकिटांतून या कामासाठी एक सेंटही कापला गेला नव्हता.