ग्रीनकार्ड दोघांचं, फाइल एकाची

"आमच्या केसचं सगळं हेच बघतात." अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या रांगेत ग्रीनकार्डाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर येतं. बोलणारी बाई बहुधा चांगली शिकलेली, भारतात नोकरी करून आलेली असते. घरखर्च, मुलांच्या शाळा, सासूबाईंची औषधं, सगळं तिला तोंडपाठ असतं. पण इमिग्रेशन खात्यानं दिलेला स्वतःचा ए-नंबर काय, देशात प्रवेशाची नोंद असलेल्या आय-९४ची मुदत कधी संपते, हे विचारलं की ती नवऱ्याकडे बघते. हल्ली बायको एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आणि नवरा एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर अशीही घरं आहेत. तिथे तोच प्रश्न उलटा विचारावा लागतो. जोडीदाराचं इमिग्रेशन हे त्याचं स्वतःचं प्रकरण आहे, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. कायद्यानं जेवढं परावलंबन लादलं आहे तेवढं पुरे झालं, घरानं त्यात भर घालायची गरज नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. एच-फोरचा जीव एच-वनमध्ये असतो. मुख्य व्हिसाधारकाची नोकरी गेली की दोघांच्या हातात जास्तीत जास्त ६० दिवस उरतात. घटस्फोट झाला तर एच-फोर तिथेच संपतं. जोडीदाराचा ग्रीनकार्डासाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झाला असेल तर एच-फोरवाल्याला कामाचा परवाना मागता येतो. ही सोय मे २०१५पासून आहे. नोकरीवर आधारित ग्रीनकार्डांचा वर्षाचा कोटा साधारण १,४०,००० आहे आणि त्यात बायको-मुलंही मोजली जातात. शिवाय कुठल्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांपेक्षा जास्त येत नाहीत, म्हणून आपली रांग वर्षानुवर्षं हलत नाही. या रांगेत ग्रीनकार्ड मंजूर होण्याआधी घटस्फोट झाला, तर जोडीदाराचा अर्ज निकालात निघतो. मंजूर झाल्यानंतर झाला, तर त्याच्या कार्डाला धक्का लागत नाही. या दोन वाक्यांतल्या फरकावर अख्खं आयुष्य अवलंबून असतं आणि ज्याला तो माहीत असायला हवा त्यालाच बऱ्याचदा माहीत नसतो.

कधी कधी जोडीदाराचा कागद मुख्य अर्जदाराच्या कागदापेक्षा मोलाचा ठरतो. रांग ठरते ती जन्माच्या देशावरून, पासपोर्टवरून नव्हे. मस्कत, दुबई, कुवेतमध्ये वडिलांची नोकरी असताना जन्मलेल्या मराठी मुली आपल्यात कमी नाहीत. अशा पत्नीच्या जन्मदेशाची रांग दोघांनाही लावून घेता येते आणि भारताच्या रांगेतली वर्षं वाचू शकतात. पण बायकोचा जन्म कुठला हे वकिलाला सांगायचं कोणी? तिला तर कोणी काही विचारलेलंच नसतं.

"आमच्यात काही बेबनाव नाही, मग हे कशाला?" हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण संकटं फक्त भांडणातून येत नाहीत. फेब्रुवारी २०१७मध्ये कॅन्सस राज्यातल्या ओलेथ गावी श्रीनिवास कुचिभोटला या तरुण अभियंत्याची वर्णद्वेषातून गोळी घालून हत्या झाली. त्यांच्या पत्नी सुनयना दुमाला यांचा इथला कायदेशीर आधारही त्याच रात्री गेला, कारण तो पतीच्या व्हिसावर उभा होता. पुढे एका काँग्रेस सदस्याच्या मदतीनं त्यांना राहता आलं. प्रत्येकीला काँग्रेस सदस्य भेटेलच असं नाही.

अमेरिकन नागरिकाशी लग्न करून येणाऱ्यांचा रस्ता वेगळा. तिथे कोटा नाही, पण संशय आहे. १९८६च्या कायद्यानं लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीनकार्ड सशर्त मिळतं, दोन वर्षांपुरतं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून शर्त काढण्याचा आय-७५१ अर्ज भरायचा आणि लग्न खरं असल्याचं पुन्हा दाखवायचं. आमच्या ओळखीतलं एक जोडपं मुलाखतीला जाडजूड अल्बम घेऊन गेलं: अंतरपाट धरलेला, मामा मुलीला घेऊन येताना, सप्तपदी, विहिणींची पंगत. अधिकाऱ्यानं चार पानं कौतुकानं चाळली आणि विचारलं, घरभाड्याचा करार कोणाच्या नावावर? नवऱ्याच्या. वीजबिल? नवऱ्याच्या. गाडीचा विमा, बँकेचं खातं? सगळं नवऱ्याच्या. लग्न शंभर टक्के खरं होतं, पण कागदावर त्या घरात एकच माणूस राहत होता. दोघांची नावं असलेले कागद आणा, असं सांगून त्यांना परत पाठवलं. म्हणजे जोडीदाराला व्यवहारात बरोबरीनं धरा, ही अपेक्षा खुद्द सरकारची आहे आणि आपण मात्र प्रेमापोटी सगळं एकाच्या नावावर ठेवतो.

आपल्या चालीरीतींनीही यात भर घातली आहे. मुलीचं मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. काही घरांत तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नवं पहिलं नावही पुढे पासपोर्टवर चढतं. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, पासपोर्टवर दुसरी आणि जन्मदाखल्यावर नावाच्या रकान्यात नुसती रेघ! मग नगरपालिकेत नाव चढवून घ्या, राजपत्र शोधा, दोन वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं मागवा. हे काम तिकडे सासर-माहेरची माणसं धडधाकट आहेत तोवरच उरकावं.

आता धमक्यांबद्दल. "माझ्यामुळे आलीस, तुझं ग्रीनकार्ड रद्द करून टाकीन" हे वाक्य आपल्या समाजात कोणी उच्चारत नाही, असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. अर्ज मंजूर होण्याआधी तो मागे घेणं स्पॉन्सरच्या हातात असतं. मिळालेलं कार्ड रद्द करणं त्याच्या हातात नसतं. कार्ड सशर्त असलं आणि लग्न मोडलं किंवा छळ झाला, तर आय-७५१ एकट्यानं भरता येतो. नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक जोडीदाराच्या छळाला बळी पडलेल्याला १९९४च्या कायद्याखाली स्वतःचा अर्ज स्वतः करता येतो, जोडीदाराला न कळवता. ही सोय पुरुषांनाही आहे. एच-वनवाल्याच्या जोडीदाराला ती मिळत नाही, पण छळ झालेल्या एच-फोरधारकासाठी कामाच्या वेगळ्या परवान्याची तरतूद आहे. शिवाय स्पॉन्सरनं आय-८६४वर सही करून सरकारला दिलेली आधाराची हमी घटस्फोटानं संपत नाही. ती संपते जोडीदार नागरिक झाल्यावर, त्याच्या कामाच्या ४० तिमाह्या भरल्यावर, तो कायमचा देश सोडून गेल्यावर किंवा मृत्यूनंतर. हे जिला ठाऊक आहे, तिच्यावर त्या धमकीचा परिणाम होत नाही.

नागरिकत्वाच्या टप्प्यावर तर गैरसमजांचा सुकाळ आहे. त्यातला पहिला असा की नवरा सिटिझन झाला की बायकोही आपोआप होते. तसं होत नाही. १८ वर्षांखालच्या, ग्रीनकार्ड असलेल्या आणि पालकाच्या ताब्यात इथे राहणाऱ्या मुलांना २००१पासून ते आपोआप मिळतं; जोडीदाराला मिळत नाही. एकेकाळी मिळायचं. १८५५च्या कायद्यानं अमेरिकन पुरुषाशी लग्न करणारी परदेशी स्त्री नागरिक व्हायची आणि १९०७च्या कायद्यानं परदेशी पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री आपलं नागरिकत्व गमवायची. १९२२च्या केबल कायद्यानं स्त्रीचं नागरिकत्व नवऱ्यापासून सोडवलं, पण नवरा नागरिकत्वाला अपात्र असेल तर नाही.

या अपवादाची झळ आपल्या लोकांना बसली. १९२३मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हिंदी माणसं नागरिकत्वाला अपात्र ठरवली आणि सरकार आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घेऊ लागलं. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. ते स्वतः १९१४मध्ये नागरिक झाले होते. आता त्यांच्यावरही खटला भरला गेला. त्यांनी न्यायालयात जे मांडलं त्यात वकिलीचा व्यवसाय तर होताच, पण त्यांच्या अमेरिकन पत्नीचं नागरिकत्व आणि तिची जमीनही होती: माझं गेलं तर तिचंही जाईल. पंडित जिंकले आणि १९२७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं अपील ऐकायला नकार दिला. १९३१मध्ये तो अपवाद रद्द झाला आणि १९४६मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडलं. एकाच्या कागदावर दुसऱ्याचं आयुष्य टांगून ठेवण्यातला अन्याय कायद्याला कळायला एवढी वर्षं लागली. आपल्या घरांना त्याहून कमी लागावीत.

नियम तसे स्पष्ट आहेत. ग्रीनकार्डनंतर पाच वर्षं. जोडीदार तीन वर्षं नागरिक असेल आणि ती तीन वर्षं दोघं एकत्र राहत असतील तर तीन. त्यातला निम्मा काळ प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेला हवा आणि सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की खुलासा द्यावा लागतो. ही अट कोणाला नडते? सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेला, नणंदेच्या बाळंतपणाला, आईच्या आजारपणाला जाऊन राहणाऱ्या व्यक्तीला. आपल्याकडे ती बहुधा बायकोच असते. तिच्या तिकिटाची तारीख ठरवताना हा नियम कोणीतरी समोर ठेवला पाहिजे आणि तो तिनंच ठेवलेला बरा.

परीक्षेची भीतीही अवास्तव आहे. २० ऑक्टोबर २०२५पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १२८ प्रश्नांची यादी आहे. २० विचारतात, १२ बरोबर लागतात. वय ५० आणि ग्रीनकार्ड २० वर्षं, किंवा वय ५५ आणि ग्रीनकार्ड १५ वर्षं असेल तर इंग्रजीची अट नाही आणि दुभाषा घेऊन मराठीत उत्तरं देता येतात. इंग्रजीच्या धास्तीनं वर्षानुवर्षं ग्रीनकार्डावर थांबलेल्या मावश्या-काकूंनी हे आवर्जून वाचावं.

नागरिकत्व घ्यायचं की नाही हा निर्णयही प्रत्येकाचा आपापला. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. त्याऐवजी घेता येणाऱ्या ओसीआय कार्डावर मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. कोणाला ते जड जाईल, कोणाला जाणार नाही. एका घरात दोन वेगळे पासपोर्ट असले म्हणून संसार मोडत नाही. मात्र एकाचा निर्णय दुसऱ्यानं गृहीत धरून अर्ज भरला, तर शपथ घेताना हात वर करणाऱ्याला ती शपथ आपली वाटणार नाही.

मंडळाच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे की वर्षातून एक संध्याकाळ या विषयाला द्यावी. परवानाधारक इमिग्रेशन वकील बोलवावा, नोटरी किंवा 'कन्सल्टंट' नको. जोडप्यांना बोलवावं, पण प्रश्न दोघांनी वेगवेगळे विचारावेत. आणि वाचकांनी तोवर थांबू नये. दोघांची वेगळी फाइल करा: पासपोर्ट, आय-९४, मंजुरीच्या नोटिसा, कार्डाच्या दोन्ही बाजू, विवाह नोंदणीचा दाखला, टॅक्स रिटर्न. सरकारी संकेतस्थळावरचं खातं प्रत्येकाचं स्वतःचं असू द्या आणि त्याचा पासवर्डही. घर बदलल्यावर दहा दिवसांत पत्ता कळवायचा तोही प्रत्येकानं आपापला, कारण कायदा तो प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे मागतो. अर्जावर सही ज्याची, जबाबदारी त्याची. म्हणून माहितीही त्याच्याच हाती असली पाहिजे.