माळ पुरत नाही
श्रीलंकेत 1983 ते 2009 युद्ध चाललं. तिथल्या तमिळ भागात, जाफन्याला, मनोविकारतज्ज्ञ दया सोमसुंदरम यांनी शिक्षकांना आणि गावातल्या आरोग्यसेवकांनाच दुखावलेलं मन ओळखायला शिकवलं. मन शांत करायला ज्याचा त्याचा जप घेतला: हिंदूला ओम, मुसलमानाला सुभानअल्लाह. रोज नवकार म्हणणाऱ्या मला हे लगेच पटलं.

पण बेपत्ता मुलाच्या आईला नुसती माळ देऊन कसं चालेल? ती ना दिवसकार्य करू शकत, ना वाट बघणं सोडू शकत. तिला ‘आता विसरा’ म्हणणं मला तरी हिंसाच वाटते. मुलाचं काय झालं, ते सरकारनंच सांगायला हवं. किलिनोच्चीत अशा आया 2017 च्या फेब्रुवारीत मुलांचे फोटो घेऊन रस्त्याकडेला बसल्या, त्या हेच विचारायला.