थोरल्याची मिरास आणि घरातल्या बायका

इंग्लंडच्या राजगादीवर थोरल्या मुलीच्या आधी धाकट्या मुलाचा हक्क लागावा, हा शतकानुशतके चालत आलेला दंडक तेथील पार्लमेंटाने २०१३ साली कायदा करून मोडीत काढला. परंतु ड्यूक, अर्ल, बॅरन आदी सरदारी किताबांपैकी बहुतेकांना तो आजही लागू आहे. त्याच्या समर्थनार्थ असे सांगितले जाते की, सगळी मिळकत थोरल्याच्या हाती अखंड सोपविण्याच्या शिस्तीमुळेच तेथील खानदाने व जहागिरी टिकल्या. एरवी वाटण्या होऊन त्यांची शकले झाली असती. हा युक्तिवाद दिसायला सुबक आहे, आणि दूरदर्शनवरील मालिकांतून हिरव्यागार हिरवळीमागे उभे असलेले ते दगडी वाडे पाहणाऱ्याला तो सहज पटतोही. मात्र पंधराव्या शतकातील कागदपत्रे चाळणाऱ्याला तो पटणे कठीण आहे.

मुळात ही अखंडता फक्त मुलग्यांपुरती होती. जमीनदार वारला की राजाचा अंमलदार गावातील पंच बोलावून मयताची जमीन किती, ती कोणाकडून धारण केलेली आणि वारसाचे वय काय, याची चौकशी करी. वारस अज्ञान असला तर त्याचे पालकत्व, इतकेच नव्हे तर त्याचे लग्न जमविण्याचा हक्कसुद्धा, वरिष्ठ जमीनदाराकडे किंवा राजाकडे जाई आणि तो उघडपणे विकला जाई. मुलगा नसेल तर मुलींना सारखे हिस्से मिळून मिळकतीचे तुकडे पडतच. विधवेचा एक तृतीयांश हिस्सा तिच्या हयातीपर्यंत बाजूला राही. आणि केंट परगण्यात तर सर्व मुलग्यांत समान वाटणीची वहिवाट होती. तेव्हा वारसाचे नाव ठरवून दिले की कायद्याचे काम संपे. जमीन हाती ठेवण्याचे काम तेथून पुढे सुरू होई, आणि ते कोणी केले हे पाहायचे तर नॉरफकमधील पास्टन घराण्याच्या पत्रव्यवहारासारखे दुसरे साधन नाही.

पास्टन हे काही पिढीजात सरदार नव्हते. क्लेमेंट पास्टन हा साधा शेतकरी. त्याचा मुलगा विल्यम शिकून न्यायाधीश झाला आणि जमिनी खरेदी करीत सुटला. १४२७ साली त्याने ग्रेशमचे मॅनर, म्हणजे जहागीर, विकत घेतले ते कवी चॉसरचा मुलगा टॉमस याच्याकडून. घराणे वर चढताच त्याच्या कुळाविषयी शेजाऱ्यांना शंका येऊ लागल्या, त्या इतक्या की १४६६ साली चौथ्या एडवर्ड राजाकडून आपण जन्माने कुलीन असल्याचा निर्वाळा त्यांना मिळवावा लागला. विल्यम १४४४ मध्ये वारला, थोरला मुलगा जॉन वारस ठरला, आणि चार वर्षे होतात न होतात तोच लॉर्ड मोलिन्स याने ग्रेशमवर दावा सांगून सरळ ताबा घेतला. वतनाच्या कज्ज्यांत पिढ्या गारद झालेली घराणी ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्या मराठी वाचकांना यात नवल वाटणार नाही.

जॉन कोर्टकचेऱ्यांसाठी लंडनला जाऊन बसला, आणि ताब्याची लढाई त्याची पत्नी मार्गारेट लढू लागली. तिने नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात धनुष्ये मागविली आहेत, तीही चापाची. कारण, ती लिहिते, येथील घरे इतकी ठेंगणी आहेत की लांब धनुष्याने आतून बाण सोडता येणार नाही. शत्रूने दारांना अडसर घातले आहेत आणि भिंतींतून मारा करण्यासाठी भोके पाडली आहेत, ही बातमीही त्यात आहे. आणि त्याच पत्रात एक पौंड बदाम, एक पौंड साखर आणि मुलांच्या अंगरख्यांसाठी कापड आणण्याचे सांगणे आहे. युद्धसाहित्य आणि वाणसामान एकाच यादीत लिहिणारी ही बाई वारसाहक्काच्या कायद्यात नवऱ्याच्या आड जवळजवळ अदृश्य आहे. १४५० च्या जानेवारीत मोलिन्सच्या माणसांनी तिच्या खोलीची भिंत खालून पोखरली आणि तिला उचलून फाटकाबाहेर नेले. जॉनने पुढे केलेल्या अर्जात हल्लेखोरांची संख्या हजार दिली आहे. वादीने दिलेला आकडा वादीचा म्हणूनच वाचावा हे खरे, पण भिंत पोखरल्याचे वर्णन काल्पनिक वाटत नाही. ग्रेशम पुढच्या वर्षी परत मिळाले. १४६५ मध्ये सफकच्या ड्यूकच्या माणसांनी पास्टनांचा हेल्सडनचा वाडा पाडला तेव्हाही वस्तुस्थिती हीच होती: पाडापाडीच्या कामाला त्यांनी पास्टनांच्याच कुळांना जुंपले, आणि त्या पडझडीचा वृत्तांत नवऱ्याला कळविला तो मार्गारेटने.

याच घरातील मुलींचे काय झाले, हे ज्येष्ठाधिकाराच्या समर्थकांनी जरूर पाहावे. विल्यमची विधवा ॲग्नेस हिने आपली मुलगी एलिझाबेथ हिचे लग्न पन्नाशीच्या आसपासच्या, आजाराने विद्रूप झालेल्या स्टीफन स्क्रोप नावाच्या विधुराशी ठरविले. मुलगी नाही म्हणाली. तेव्हा तिला आठवड्यातून एकदा-दोनदा, कधी एका दिवसात दोनदा, मार बसला आणि दोन-तीन ठिकाणी डोके फुटले, असे एका नातेवाईक स्त्रीने १४४९ साली जॉनला कळविले आहे. ॲग्नेसला क्रूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण जिथे मुलीच्या लग्नाचा हिशेब जमीन आणि हुंडा यांच्या वजाबाकीने मांडला जातो, तिथे घरोघरी ॲग्नेस तयार होतात असे मला वाटते. हीच ॲग्नेस आपला विधवेचा हिस्सा घेऊन १४७९ पर्यंत जगली आणि थोरल्या मुलाशी भांडत राहिली.

१४६९ हे साल तर विलक्षणच. निपुत्रिक वारलेल्या सर जॉन फास्टॉल्फचा केस्टरचा किल्ला अंतकाळच्या मृत्युपत्राच्या आधारे पास्टनांकडे आला होता. तो काही विश्वस्तांकडून आपण खरेदी केला आहे असे सांगत नॉरफकच्या ड्यूकने त्याला वेढा घातला. आत मार्गारेटचा धाकटा मुलगा मूठभर माणसांनिशी लढत होता, आणि त्याच सुमारास तिची मुलगी मार्जरी हिने घराच्या कारभाऱ्याला, रिचर्ड कॉल याला, गुपचूप लग्नाचे वचन दिल्याचे उघडकीस आले. नॉरिचच्या बिशपने दोघांना वेगवेगळे विचारून पाहिले. वचन धर्मतः पक्के ठरले. मुलीला घरात घेऊ नये असा निरोप मार्गारेटने आधीच देऊन ठेवला होता. मौज अशी की, जावई म्हणून नाकारलेला कॉल कारभारी म्हणून पुढेही लागतच होता, कारण खंडाचे आणि कुळांचे हिशेब त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. केस्टर सप्टेंबरअखेरीस पडले, आणि १४७६ साली ड्यूक वारल्यावर परत मिळाले. फास्टॉल्फच्या इतर बऱ्याचशा जमिनी मात्र तडजोडीत ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजकडे गेल्या. ज्येष्ठाधिकाराने राखलेली अखंडता म्हणतात ती ही.

मार्गारेट स्वतः मॉटबी गावच्या मिळकतीची वारसदार होती. बापाला मुलगा नसल्याने ती जमीन तिच्याकडे आली आणि तिच्यामार्फत पास्टनांकडे. १४८२ च्या मृत्युपत्रात तिने आपले दफन पास्टनांजवळ नव्हे, तर मॉटबीच्या चर्चमध्ये, माहेरच्या पूर्वजांशेजारी करावे असे नमूद केले. मार्जरी तोवर वारली होती; तिच्या मुलाला, जॉन कॉल याला, आजीने वीस पौंड लिहून ठेवले.