पडद्यावरील खेळ : काही अभिप्राय

मुलांच्या हाती संगणकावरील खेळ द्यावेत की देऊ नयेत, हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. तेव्हा त्या जुगाराविषयी येथे लिहिण्याचे कारण नाही. आमचा विषय निराळा आहे. बड्या कंपन्यांच्या भांडवलावाचून, मोजक्या माणसांनी जिव्हाळ्याने रचलेले काही खेळ आम्ही दिल्लीतील आमच्या घरी, बहुतेक वेळा नऊ वर्षांच्या कन्येला शेजारी बसवून, खेळून पाहिले. त्यांविषयी आमचे मत आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम दिल्लीचाच मान. येथील 'क्विकटकीला' या चिमुकल्या संस्थेचा 'लव्हली प्लॅनेट' (२०१४) दिसावयास बालवाडीच्या भिंतीवरील चित्रासारखा, परंतु खेळावयास महाकठीण. धावता धावता नेम धरावयाचा. उडालेले सफरचंद भूमीस टेकण्यापूर्वी टिपले नाही तर पुन्हा आरंभापासून. आम्ही तिसऱ्या दिवशी शरण गेलो. कन्या गेली नाही.

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स' या मंडळींचा 'राजी' (२०२०) पुष्कळ वाचकांनी नावाने ऐकला असेल. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधार्थ निघालेली एक डोंबारी पोर. तिला दुर्गेने दिलेला त्रिशूळ. कथानक पुढे नेणारा छायाबाहुल्यांचा खेळ. आणि राजस्थानच्या वास्तुकलेची आठवण करून देणारे प्रासाद. या कामासाठी पैसा अपुरा पडला, तेव्हा संस्थापिका श्रुती घोष यांनी आपली सदनिका विकली. चित्रकाम पाहता तो त्याग व्यर्थ गेला असे कोणी म्हणणार नाही. लढाया मात्र पुढे पुढे एकसुरी होतात, आणि शेवट असा अवचित येतो की स्थानक दिसू लागताच गाडी थांबावी! २०२२ च्या सुधारित आवृत्तीत राजी हिंदी बोलू लागली. आम्ही ती हिंदीतच ऐकली, आणि आपल्यालाही तोच सल्ला देऊ.

गोव्यात रचलेला 'फरगॉटन फील्ड्स' (२०२१) हा विकले जाणारे बालपणीचे घर अखेरचे पाहावयास निघालेल्या लेखकाचा खेळ. संथ आहे, परंतु प्रौढांनी एखाद्या सायंकाळी खेळावा. गुजरातेतील चाळा या गावच्या 'स्टुडिओ ओलिओमिंगस'ची रचना त्याहून अवघड. नगरपालिकेच्या आज्ञेवरून एक मनुष्य चक्क इमारत खातो! वाचन फार, खेळणे थोडे. मुलांना तो देऊ नये, आणि घाईत असलेल्या मोठ्यांनाही नाही.

आता ज्यासाठी हा स्तंभ लिहावयास बसलो त्या खेळाकडे वळू. टोरांटो येथील तमिळ मंडळींचा 'वेण्बा' (२०२३). वेण्बा हे तमिळ काव्यातील एका प्राचीन छंदाचे नाव. येथे ते कॅनडात संसार थाटलेल्या एका गृहिणीचे आहे. तिच्या आईची पाककृतींची वही जीर्ण झालेली, अक्षरे पुसट. गेलेला भाग तर्काने भरून काढावयाचा आणि पदार्थ सिद्ध करावयाचा, एवढाच खेळ. दोन तासांच्या आत संपतो. शत्रू नाही, गुण नाहीत. परंतु मुलगा मोठा होतो, आईची तमिळ टिपणे त्याला धड वाचता येत नाहीत, तेथे आमचा हात थबकला. २०२४ साली अमेरिकेतील स्वतंत्र खेळांच्या महोत्सवात त्यास सर्वोच्च पारितोषिक मिळाले, ते योग्यच होय.

खेळ संपला, आणि कन्येने आपल्या आजीची वही मागितली. ती फडताळातून काढली. देवनागरी तिला शाळेतील हिंदीमुळे येते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. चकलीच्या पानावर ती अडली. "हे कडकडीत मोहन कोण?" आम्ही हसलो खरे, परंतु ते हसू फार टिकले नाही. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द मराठीत आणण्याचा आमचा व्यवसाय, आणि घरातला एक साधा शब्द पुढच्या पिढीस पोहोचविण्याचे राहून गेले होते. मोहन म्हणजे पिठात घालावयाचे गरम तेल, हे सांगितले. आधण सांगितले. दोन ओळींनंतर 'चिपटेभर हरभऱ्याची डाळ' आली, आणि आम्हीच गप्प झालो.

सांगलीस आत्याबाईंना दूरध्वनी केला. त्या म्हणाल्या, "अगदी सोपे. दोन चिपट्यांचे एक मापटे." मापटे म्हणजे किती, हे विचारण्याचा धीर झाला नाही. कन्येने मात्र फोन हाती घेऊन विचारले, आणि तासभर तो आम्हांस परत मिळाला नाही.