बंद घराला गीझर कोणता?

पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या बऱ्याच वऱ्हाडी पोरापोरींकडे 'सेकंड होम' असतं, फक्त ते त्याला तसं म्हणत नाहीत. लोणावळ्याचा बंगला नव्हे हो! अकोल्यात नाहीतर अमरावतीत दोन खोल्यांचं जुनं घर. आई-बाबा आता आपल्याकडे, घराला कुलूप. दिवाळीत उघडायचं, मार्गशीर्षातल्या एखाद्या लग्नाला उघडायचं, जानेवारीत हुरड्याला उघडायचं. वर्षाचे वीस-पंचवीस दिवस, आणि नेमके थंडीचे. मे महिन्यात अकोल्यात गीझर लागतोय कुणाला? गच्चीवरच्या टाकीचं पाणीच अंग भाजतं.

आमच्या घरासाठी यंदा गीझर घ्यायचा ठरला, कारण बाबा जानेवारीत एकटेच पंधरा दिवस तिकडे राहणार होते. त्यांचं म्हणणं, "रॉड हाये नं घरात, अजून काय पाह्यजे?" तोच तर प्रॉब्लेम होता. ओली फरशी, बादलीत सोडलेला रॉड, सत्तरीचा माणूस, अर्थिंग आहे की नाही याची खात्री नसलेलं वायरिंग, आणि पाणी तापलं का बघायला बटण चालू असतानाच बुडवलेलं बोट. आजीच्या तांब्याच्या बंबात पऱ्हाट्या कोंबल्या की काम व्हायचं, धूर व्हायचा, पण शॉक तरी बसत नव्हता.

दुकानात गेलं की सेल्समन पहिलं काय दाखवतो? २५ लिटर, फाइव्ह स्टार. आता हे तारे मुख्यत्वे काय सांगतात, तर टाकीतलं गरम पाणी नुसतं पडून असताना २४ तासांत किती उष्णता वाया जाते. ज्या घरात गीझर दिवसभर चालू असतो तिथे याला अर्थ आहे. सकाळी पाव तास बटण दाबून आंघोळ उरकणाऱ्याला आणि मग अकरा महिने कुलूप लावणाऱ्याला काय त्याचं!

आपल्याकडे आधी बघायचं ते पाणी. अकोला शहराला महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी, अमरावतीला ऊर्ध्व वर्धेचं. दोन्ही गोडं, पण नळ रोज येत नाही. मग बोअर. आणि अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यात जमिनीतलं पाणी कसं असतं, हे दर्यापूरच्या माणसाला सांगायची गरज नाही. असं पाणी तापलं की त्यातला चुना कॉइलवर बसतो. थर जाड झाला की उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल स्वतःच तापत राहते आणि एक दिवस जळते. खार टाकीचं लोखंडही खातो. ते वाचवायला आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला जगवते. खाऱ्या पाण्यात ती लवकर संपते, म्हणून दरवर्षी उघडून बघायची. बंद घरात कोण बघणार?

शिवाय महिनोन्‌महिने टाकीत कोमट पडलेलं पाणी. २० ते ४५ अंशांत लेजिओनेला नावाचा जंतू छान वाढतो, आणि त्याने होणारा न्यूमोनिया म्हाताऱ्या माणसांना जड जातो. म्हणून निघताना गीझर रिकामा करून जायचं. परत आल्यावर तो आधी भरायचा, मगच बटण. एकदा ६० अंशांपर्यंत तापवून ते पाणी सोडून द्यायचं. नंतर थर्मोस्टॅट ५०वर ठेवला तरी भागतं, चुनाही कमी बसतो.

सोलर मला मनापासून आवडतो, पण राहत्या घराला. बंद घराची टाकी आटते, काचेच्या नळ्या कोरड्याच उन्हात तापतात, आणि आपण दुपारी पोचून कौतुकाने व्हॉल्व्ह उघडला की गार पाण्याने नळी तडकते. गॅस गीझरचं तर नावच नको. छोटी न्हाणी, थंडी म्हणून बंद केलेली खिडकी, आणि वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड. एकट्या माणसाला कुणी हाक मारायलाही नसतं.

आमचा इलेक्ट्रिशियन मात्र एका वाक्यात मोकळा झाला. "भाऊ, एवढा मोठा कायले पाह्यजे? बादली तं एकच भरा लागते."

म्हणून ३ लिटरचा, ३ किलोवॉटचा इन्स्टंट. २० अंशांचं पाणी ४२वर न्यायचं तर १६ लिटरच्या बादलीला आठेक मिनिटं, वीज अर्ध्या युनिटच्या आत. व्होल्टेज १८०वर आलं तर ताकद साठ टक्क्यांवर येते, तेव्हा तेरा मिनिटं धरा. शॉवरखाली गाणी म्हणायची असतील तर हा तुमचा गीझर नव्हे. नळाचंच गोडं पाणी आणि घरात सहा माणसं असतील तर १५ लिटरचा घ्या. आमच्याकडे दिवाळीत अभ्यंगस्नानाला रांग लागेल, पण ती बंबाच्या काळातही लागायचीच.

खरा खर्च भिंतीत झाला. ३ किलोवॉट म्हणजे १३ अँपिअर. जुन्या घराच्या पंख्या-दिव्याच्या वायरला हे झेपत नाही. बोर्डापासून ४ स्क्वेअर एमएमची वेगळी तांब्याची वायर, १६ अँपिअरचा पॉइंट, नवीन अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. करंट गळायला लागला की हा क्षणात लाइन तोडतो. वीजबिलावरचा मंजूर भारही बघून घ्या, जुन्या घरांचा अनेकदा अगदीच कमी असतो. एवढं सगळं मिळून गीझरपेक्षा जास्त पैसे गेले. बाबांनी दोनदा हिशोब विचारला, मी दोनदा विषय बदलला.

बटणाच्या वर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: 'आधी नळ, मग बटण.' रॉड मी येताना बॅगेत घालून पुण्याला आणला.