भिंतीवरील चित्र आणि भिंतीचा मालक

मुंबईत घाटकोपरनजीक असल्फा टेकडीवरील झोपड्यांच्या भिंती २०१७ च्या अखेरीस स्वयंसेवकांनी रहिवाशांच्या साह्याने रंगविल्या. मेट्रोतून जाणाऱ्यांस टेकडी रम्य दिसू लागली. रंगास आमचा विरोध नाही. गरिबाच्या दारीही सौंदर्य असावे. परंतु ती भिंत कोणाची, हा प्रश्न रंगाने मिटत नाही.

अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या थर्ड वॉर्ड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत रिक लो नावाचे चित्रकार आपल्या समाजाची दुःखे रंगवीत असत. एकदा एका शाळकरी विद्यार्थ्याने त्यांस विचारले की, आमची दुःखे आम्हांस ठाऊकच आहेत. तुम्ही कलावंत, तर उपाय का निर्माण करीत नाही? प्रश्न जिव्हारी लागला. १९९३ साली लो व त्यांच्या कृष्णवर्णीय कलावंत सहकाऱ्यांनी ओसाड पडलेली २२ लहान लाकडी घरे हाती घेतली. काहींत कलाकृती मांडल्या. काही घरे शिक्षण घेणाऱ्या एकाकी मातांस मुलांसह राहावयास दिली. २००३ मध्ये अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी भाड्याची घरे उभारणारी स्वतंत्र संस्थाही यातूनच निघाली. घर हीच तेथे कलाकृती ठरली!

आमचे तरुण वस्तीच्या भिंतीवर भगवान बुद्धांचे व बाबासाहेबांचे चित्र रेखाटतात, वर्गणी काढून विहार उभारतात. आता त्याच वस्त्यांपुढे पुनर्विकासाचे करार येत आहेत. सदनिकेचे क्षेत्रफळ सर्वजण विचारतात. विहारास जागा किती व ती कोणाच्या नावे राहणार, हेही आमच्या बांधवांनी स्वाक्षरीपूर्वी लेखी मागून घ्यावे.